बारा महिन्यांची गोधडी

गडचिरोली जिल्ह्याच्या अहेरी तालुक्यात आलापल्ली नावाचे गाव आहे. सागाच्या अरण्यासाठी ते दूरवर प्रसिद्ध आहे. गावाजवळ वनविभागाने जुन्या वृक्षांचा सुमारे 6 हेक्टरांचा एक भाग कुऱ्हाड न लावता राखून ठेवला आहे. त्याला ‘वनवैभव’ असे म्हणतात. 2014 साली त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा मान मिळाला. या मुलखात मराठीबरोबर गोंडी, माडिया, तेलुगू आणि बंगाली या भाषाही कानांवर पडतात.

मार्गशीर्ष लागला की अरण्यातील रात्री गार होतात. शेकोटी विझल्यावर पहाटेचा गारवा झोंबू लागतो. अशा वेळी घरोघरी जिची आठवण होते, ती गोधडी. कोणी तिला वाकळ म्हणतात. आईचे जुने लुगडे, आजोबांचे धोतर, धाकट्या भावाचा आखूड झालेला सदरा, असे विरलेले कापड एकावर एक पसरून धावदोरा घातला की गोधडी तयार होते. ज्या कापडाला बाजारात कोणी कवडीही देणार नाही, त्यातून घराची ऊब निर्माण होते. संत गाडगे महाराज अंगावर चिंध्यांचे वस्त्र वागवीत. म्हणून लोक त्यांना ‘गोधडे महाराज’ असेही म्हणत.

ही कला एकट्या महाराष्ट्राची नव्हे. पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, आलेली अनेक बंगाली कुटुंबे चामोर्शी व मुलचेरा या तालुक्यांत वसली आहेत. त्यांच्या परंपरेत जुन्या साड्यांचे थर जोडून ‘कांथा’ शिवतात. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या स्त्रिया अशीच ‘कवंदी’ शिवतात आणि तिच्या चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घडीचे एकेक ‘फूल’ लावतात. त्या फुलांवाचून कवंदी पुरी झाली असे त्या मानीत नाहीत.

गोधडी ऊबदार का असते, याचा विचार कधी केला आहे का? कापडाच्या थरांत हवा अडकून राहते. ती अडकलेली हवा आपल्या शरीराची उष्णता सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. टाक्यांचे काम निराळे आहे. टाके नसतील तर थर सरकतात, मधले कापड एका बाजूस गोळा होते आणि उरलेल्या जागी थंडी शिरते. थर ऊब देतात आणि टाके त्या थरांना जागेवर धरून ठेवतात.

संपूर्ण गोधडी एकदम शिवावयाची म्हटली, म्हणजे मोठ्या माणसाचेही मन कचरते. म्हणून आपण एक सोपी युक्ती योजू. दर महिन्याला एकच चौकट शिवावयाची. बारा महिन्यांत बारा चौकटी होतील. आरंभ मार्गशीर्षात करावा, म्हणजे शेवटची चौकट कार्तिकात पुरी होईल आणि थंडीच्या तोंडाशी गोधडी हाती येईल.

प्रत्येक चौकटीला त्या त्या महिन्याचा रंग देता येईल. आलापल्लीच्या परिसराकडे डोळे उघडून पाहिले तर रंगांची उणीव पडणार नाही. मार्गशीर्षाला खळ्यावरच्या तणसाचा पिवळा, पौषाला धुक्याचा करडा आणि माघाला गळणाऱ्या सागपानांचा तपकिरी रंग घ्यावा. फाल्गुनात पळस केशरी होतो. चैत्रात मोहाची फिकट फुले वेचली जातात. वैशाखात तेंदूपाने तोडण्याची धांदल असते. त्याला हिरवा रंग द्यावा. ज्येष्ठाला तापलेल्या मातीचा तांबडा, आषाढाला मेघांचा काळसर निळा आणि श्रावणाला सागाच्या फुलोऱ्याचा पांढुरका रंग शोभेल. भाद्रपदातील धानाच्या बांधी गर्द हिरव्या असतात, आश्विनातील आकाश निळे असते आणि कार्तिकात पिकलेले धान सोनेरी दिसते.

आता मोजमाप पाहू. एका चौकटीत नऊ चौरस तुकडे असतात, तीन रांगांत तीन-तीन. त्यांपैकी पाच महिन्याच्या रंगाचे व चार एखाद्या साध्या धोतराच्या कापडाचे घ्यावेत. प्रत्येक तुकडा 14 सेंटिमीटर लांब व तितकाच रुंद कापावा. शिवताना प्रत्येक कडेचा 1 सेंटिमीटर शिवणीत जातो. म्हणून पुऱ्या गोधडीत तो तुकडा 12 सेंटिमीटरांचा दिसतो. तीन तुकडे मिळून चौकट 36 सेंटिमीटरांची होते. एका रांगेत तीन चौकटी व अशा चार रांगा लावल्या की 108 सेंटिमीटर रुंद व 144 सेंटिमीटर लांब असा पट तयार होतो. त्याच्या चारही बाजूंना 20 सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या जोडल्या, तर शिवणी वजा जाता गोधडी 144 बाय 180 सेंटिमीटरांची होते. एका मुलाला ती पुरेशी आहे. बारा चौकटींचे तुकडे मोजले तर ते 108 भरतात, जपमाळेतील मण्यांइतके!

कापण्यापूर्वी सर्व कापड धुऊन वाळवावे. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते आणि काही रंग उतरतात. हे आधी केले नाही, तर पुऱ्या गोधडीला सुरकुत्या पडतात आणि तांबड्याचे डाग पांढऱ्यावर उमटतात. कापडाचा उभा व आडवा धागा पाहून कापावे. तिरपे कापलेले कापड ताणले जाते आणि चौरसाचा चौरस राहत नाही. विरलेले कापड उजेडासमोर धरून पाहावे. बोटाने ओढताच जे फाटते, ते वरच्या पटात न घालता मधल्या थरासाठी ठेवावे.

मापाच्या बाबतीत मात्र हयगय चालत नाही. एका चौकटीत अर्ध्या सेंटिमीटरची चूक झाली, तर ती डोळ्यांना जाणवतही नाही. पण उभ्या रांगेत चार चौकटी असतात. प्रत्येकीत तीच चूक झाली की दोन सेंटिमीटरांचा फरक पडतो आणि शेजारच्या रांगेशी शिवण जुळेनाशी होते. चूक पहिल्या महिन्यात होते आणि तिचा जाब बाराव्या महिन्यात द्यावा लागतो. म्हणून प्रत्येक चौकट शिवून झाल्यावर इस्त्री करावी व पट्टीने मोजावी. कच्ची चौकट 38 सेंटिमीटर भरली, तरच ती पेटीत ठेवावी. न भरल्यास त्याच दिवशी उसवावी. उसवण्यात कमीपणा नाही.

बारा चौकटी व कडेच्या पट्ट्या जोडून झाल्या की शिवणयंत्राचे खरे काम सुरू होते. यंत्राच्या सुईचे नेढे टोकाजवळ असते. अमेरिकेतील एलियास हौ याने 1846 साली अशा सुईच्या यंत्राचे पेटंट घेतले. वरचा दोरा सुईतून येतो, खालचा बॉबीनमधून येतो आणि कापडाच्या आत दोघांची गाठ पडते.

जमिनीवर प्रथम अस्तर ताणून पसरावे. त्यावर जुन्या साड्यांचा मधला थर व सर्वांत वर जोडलेला पट ठेवावा. मध्यापासून कडेकडे हात फिरवून सुरकुत्या काढाव्यात आणि हाताने लांब टाक्यांची कच्ची शिलाई घालावी. मग गोधडीच्या दोन्ही बाजू गुंडाळून मधला भाग यंत्राखाली घ्यावा. सुई जाड असावी, टाका थोडा लांब ठेवावा आणि यंत्र सावकाश चालवावे. हे काम घरातील मोठ्या माणसाजवळ बसूनच करावे व बोटे सुईपासून दूर ठेवावीत.

येथे एक गंमत आहे. हाताने गोधडी शिवणाऱ्या अनेक स्त्रिया कडेपासून आरंभ करून आत आत जातात. यंत्रावर मात्र मध्यापासून कडेकडे जावे लागते. यंत्राचे दाते खालचे अस्तर पुढे ओढतात आणि वरचा पट यंत्राच्या पायाखाली मागे रेटला जातो. वाढलेले कापड शिवणीच्या पुढे सरकत राहते. आपण मध्यापासून निघालो, तर ते कडेने बाहेर पडते. कडेपासून निघालो, तर ते मध्ये साचून चुणी पडते. साधन बदलले की रीतही बदलते. जाणता कारागीर तिचे कारण शोधतो. शेवटी कच्ची शिलाई काढून चारही कडांना गोट लावावा.

यंत्राने शिवलेल्या वस्तूत जिव्हाळा नसतो, असे काही लोक म्हणतात. त्यांना हॅरिएट पॉवर्स या स्त्रीची हकीकत सांगावी. ती अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात 1837 साली गुलामगिरीत जन्मली. स्वतंत्र झाल्यावर तिने बायबलातील प्रसंगांच्या 11 चौकटींची एक गोधडी केली. तीत हाताचे टाके आहेत तसेच यंत्राचेही आहेत. 1886 साली ती एका प्रदर्शनात मांडली गेली, तेव्हा एका बाईंनी ती विकत मागितली. हॅरिएटने साफ नकार दिला. पुढे घरात ओढगस्त आली आणि अवघ्या 5 डॉलरांना तिला ती विकावी लागली. विकताना तिने प्रत्येक चौकटीचा अर्थ त्या बाईंना समजावून सांगितला आणि नंतरही आपली गोधडी पाहण्यासाठी ती त्यांच्या घरी जात असे. आज ती गोधडी अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. टाका हाताचा की यंत्राचा, यावर जिव्हाळा ठरत नाही. आपण काय जोडले आणि ते कोणासाठी जोडले, यावर तो ठरतो.

मुलांनो, वर्षभर थोडे थोडे काम करीत राहणे ही सोपी गोष्ट नाही. चार चौकटी झाल्यावर कंटाळा येईल, पावसाळ्यात कापड सादळेल, परीक्षेच्या दिवसांत पेटी मिटलेलीच राहील. तरीही दर महिन्याचे नऊ तुकडे ज्याने नेमाने जोडले, त्याच्या अंगावर थंडीच्या पहाटे त्याच्याच हातची ऊब असेल. त्या ऊबेत आजीचे लुगडे असेल, पळसाचा केशरी रंग असेल आणि आपल्या गेलेल्या वर्षाचा एक-एक महिनाही असेल.

अभ्यास

1. गोधडीतील थरांचे काम कोणते व टाक्यांचे काम कोणते?
2. ‘चूक पहिल्या महिन्यात होते आणि तिचा जाब बाराव्या महिन्यात द्यावा लागतो.’ हे वाक्य उदाहरण देऊन स्पष्ट करा.
3. यंत्रावर गोधडी शिवताना मध्यापासून आरंभ का करावा?
4. बारा चौकटींत रंगीत तुकडे किती व साधे तुकडे किती लागतील? हिशेब करून सांगा.
5. तुमच्या गावातील बारा महिन्यांसाठी तुम्ही कोणते रंग निवडाल? कारणांसह लिहा.
6. तुमच्या घरातील सर्वांत जुनी गोधडी कोणाच्या कपड्यांची आहे, ते वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.