डॉक्टरच्या तोंडचा विठोबा

आजोबा न्यूमोनियाने आमच्याकडे दाखल होते. वय 68, गळ्यात तुळशीची माळ, वर्षानुवर्षांची वारी. दुसरा दिवस होता. ताप उतरला नव्हता, ऑक्सिजन लावूनही बोटावरच्या यंत्राचा आकडा 90 च्या आसपास घुटमळत होता. घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतं. अँटिबायोटिकचा गुण दिसायला दोन-तीन दिवस जातातच. थोरल्या मुलाला एवढंच सांगायचं होतं. पण वडिलांची माळ दिसली आणि मला आपुलकीचं बोलायची हौस आली. मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "औषधं चालू आहेत. आता विठोबाला हात जोडा."

तासाभराने सिस्टर धावत आली. खाटेभोवती गावाकडून जीप करून आलेली दहा-बारा माणसं. बायका रडतायत. लेकीने बापाच्या जिभेवर तुळशीपत्र ठेवून चमच्याने गंगाजल घातलेलं. धाप लागलेल्या माणसाला पाणी! ठसका लागला, पाणी श्वासनळीत गेलं, आकडा 74 वर आला. सक्शन करून सांगलीला अतिदक्षता विभागात हलवावं लागलं. त्या लेकीला मी काय बोलणार? सिनेमातला डॉक्टर चष्मा पुसत देवाचं नाव घेतो, त्यानंतर काय होतं ते सगळ्यांना पाठ आहे.

आजोबा वाचले. महिन्याने दाखवायला आले तेव्हा हसत म्हणाले, "डाक्टर, आमच्या तोंडात इठोबा रोजचाच. तुमच्या तोंडात आला म्हटल्यावर पोरांना वाटलं, आटपलं!"

नंतर एक अभ्यास वाचनात आला. हार्वर्डचे हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी तो 2006 साली प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांतले बायपासचे 1802 रुग्ण त्यात होते. आपल्यासाठी प्रार्थना होणारच, हे ज्यांना आधी सांगितलं होतं, त्यांच्यातल्या 59 टक्के लोकांना शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाली. होईल किंवा होणार नाही, असं मोघम सांगितलेल्यांत, प्रार्थना झालेले असोत वा नसोत, हे प्रमाण 51-52 टक्के होतं. असं का झालं, याचा निकाल त्या अभ्यासाने लावलेला नाही. मला मात्र आमची ती खाट आठवली.

म्हणून नव्या डॉक्टरांना सांगतो, देवाचं नाव आपण आधी काढू नये. माळ, टिळा, आडनाव पाहून तर नाहीच. पेशंट आपल्यासमोर उघड्या अंगाने झोपलेला असतो, तो 'नको' म्हणू शकत नाही. त्याने स्वतः विषय काढला तर ऐकावं. ऑपरेशनआधी अंगारा लावू का विचारलं, तर जखमेची जागा सोडून लावू द्यावा. त्यात आपलं काही जात नाही. मात्र "पुढं काय होईल?" या प्रश्नाला औषधाच्याच भाषेत उत्तर द्यावं. दोन दिवस वाट पाहायची असेल तर 'दोन दिवस' म्हणावं. खरोखर आशा नसेल, तर तेही स्वच्छ सांगावं. ते देवाच्या आडून सांगू नये.

विचारायचं ते वेगळंच असतं. मधुमेहाच्या एक बाई मला एकादशीच्या आसपास हटकून चक्कर आल्याचं सांगायच्या. साखरेची गोळी सकाळी नेमाने घ्यायच्या आणि दिवसभर निर्जळी. (साबुदाण्यावर असत्या तर उलटाच घोळ झाला असता.) त्या कधी बोलल्या नाहीत, मी कधी विचारलं नाही. आता केसपेपरवर वय, वजन यांच्या खाली लिहून घेतो : उपास कोणते, कसे धरता? रोजे धरणाऱ्यांना महिनाभर आधी बोलावतो, म्हणजे डोस आणि वेळा बदलून देता येतात. पेशंटनेही हे लपवू नये. डॉक्टर ओरडेल म्हणून गप्प राहण्यापेक्षा ओरडून घेतलेलं बरं.

आजोबा अजून वारीला जातात. निघण्याआधी बीपी तपासून घेतात, मी गोळ्या मोजून पुडीत बांधून देतो. यंदा पुडी कनवटीला लावत म्हणाले, "तुमचा काही निरोप सांगू का त्याला?"

"सांगा," म्हटलं, "पण सकाळची गोळी जेवणाआधी."