गांवच्या पिण्याच्या पाण्याचा ताळेबंद

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां दर उन्हाळ्यांत टँकरच्या मागणीचे कागद माझ्या हातून जात. ज्या गांवची विहीर आटली म्हणून अर्ज येई, त्याच गांवच्या पीकपाहणींत त्या विहिरीभोंवतीं ऊस उभा असल्याची नोंद असे. दोन्ही कागद एकाच मेजावर असत. परंतु ते शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्याची बुद्धि मला झाली नाहीं. ती चूक शेतकरी बंधूंनीं करूं नये, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम हिशेब पाहूं. दरडोई दररोज ५५ लिटर धरल्यास १,५०० वस्तीच्या गांवास वर्षाला सुमारें ३ कोटी लिटर पाणी लागतें. पाटानें भिजविलेला एक हेक्टर ऊस साधारणपणें २ कोटी लिटर पितो. म्हणजे दीड हेक्टर उसाचें पाणी तेंच अख्ख्या गांवाचें वर्षाचें पाणी! काळ्या पाषाणाच्या आपल्या मुलखांत पाणी मुरुमांत व खडकाच्या भेगांत सांठतें. शेजारची खोल कूपनलिका तेंच ओढून घेते.

सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आंत परवानगीवांचून नवी विहीर घेऊं नये, असें १९९३ च्या कायद्यानें ठरविलें होतें. २०१४ पासून २००९ चा भूजल अधिनियम त्याच्या जागीं आला. तथापि कायदा रात्रंदिवस बांधावर उभा राहत नाहीं. रक्षण गांवानेंच करावयाचें. त्याचा क्रम असा:

(१) गांवच्या नकाशावर पिण्याच्या विहिरीभोंवतीं ५०० मीटरचें वर्तुळ काढावें. आंतील गट, विहिरी, कूपनलिका व पिकें यांची यादी सात-बारा व प्रत्यक्ष पाहणी यांवरून करावी.

(२) विहिरीच्या वरच्या अंगास शौचखड्डा, उकिरडा वा गोठ्याचा निचरा असल्यास तो हलवावा. कठडा व ओटा बांधून सांडपाणी दूर न्यावें.

(३) पावसाळा संपतांच पाण्याची पातळी मोजून ग्रामसभेपुढें मांडावी. माणसांचें व गुरांचें पाणी आधीं वजा करावें. उरेल त्यावर रब्बीचीं पिकें ठरवावीं.

अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार गांवानें हाच मार्ग धरला. तेथें शेतीसाठीं कूपनलिका घेण्यास बंदी केली व पाण्याचा ताळेबंद मांडून पिकें ठरविण्याचा प्रघात पाडला.

वर्तुळांतील बागाईतदारास ऊस सोडून ज्वारी-हरभऱ्यावर यावें लागेल, हा तोटा खरा आहे. म्हणून त्याला सभेंत प्रथम बोलूं द्यावें, ठिबक संचासाठीं आधीं त्याचें नांव घालावें. त्याच्याही घरचा हंडा त्याच विहिरीवर भरतो.