चौथ्या वर्षाचा सल्ला

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात ऑनर्सच्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. हुशार मुलांना थेट 'संशोधनासह ऑनर्स'कडेच वळवावे का?
– एक प्राध्यापिका, सातारा

उत्तर : नाही, सरसकट वळवू नका. यूजीसीच्या डिसेंबर 2022च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के किंवा अधिक गुण असलेल्यांना हा मार्ग खुला होतो आणि चौथ्या वर्षी 12 श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प करावा लागतो. साध्या ऑनर्समध्ये त्याऐवजी तितक्याच श्रेयांकांचे विषय घेता येतात. तोही मानाचाच मार्ग आहे, हे मुलांना आवर्जून सांगा.

गुण पाहण्याआधी मुलाशी निवांत बोला. कोणता प्रश्न त्याला स्वस्थ बसू देत नाही? स्वतःहून काय वाचतो? आयुष्यभर पहिला आलेला मुलगा 'मला हे जमत नाही' असे सहसा बोलत नाही. तो भेटीला येणे टाळतो, प्रकल्पाचा विषय सारखा बदलतो. अशा वेळी निरोपाची वाट न पाहता तुम्हीच त्याला बोलवा.

घरचे गणितही विचारा. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते. मग पदव्युत्तर शिक्षणाला दोन वर्षे लागतात. चार वर्षे केल्यास तेच एका वर्षात होऊ शकते. मात्र हव्या त्या विद्यापीठात, हव्या त्या विषयाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे ना, याची आधी खात्री करून घ्या. आणि ही चर्चा पाचव्या सत्रातच करा. सहाव्याच्या निकालानंतर फार उशीर होतो.