गज कार्बनचा, केस घोड्याचे

बेटा, लेकीची प्रवेशिका पूर्ण झाली आणि आता तिला व्हायोलिनसाठी कार्बन फायबरचा गज घ्यायचाय, असं तू फोनवर म्हणालीस. फोनवर अर्धं ऐकू येतं आणि अर्धं विसरतं, म्हणून लिहून पाठवतोय. दुकानात जाशील तेव्हा कागद सोबत ठेव. त्याआधी तिच्या गुरुजींच्या कानावर घाल. त्यांना न विचारता वाद्यातली सुतळीसुद्धा बदलायची नाही, ही आपल्याकडची रीत आहे आणि ती बरी आहे.

कार्बनचा घ्यावा का? घ्यावा. मुंबई-पुण्यात राहणाऱ्याला मी कदाचित थांब म्हटलं असतं, पण तुम्ही शहाद्यात राहता. चैत्र-वैशाखात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो, आणि मृग लागला की हवेतल्या ओलाव्यानं कपाटातले कपडेसुद्धा दमट होतात. व्हायोलिनच्या पेटीत जो साधा लाकडी गज येतो, तो अशा दोन-तीन वर्षांत पिळवटतो. एकदा दांडी बाजूला वळली की गज तारेवर सरळ चालत नाही, आणि पोरीला वाटतं आपलाच हात वाकडा. चांगल्या लाकडाचा गज वाकला तर कसबी कारागीर तो मंद आचेवर गरम करून सरळ करतो. तो कारागीर दोंडाईच्यात नाही, नंदुरबारातही नाही. पुणं-मुंबई गाठावं लागतं. कार्बनची दांडी पाणी पीत नाही, उन्हाळ्या-पावसाळ्यात तिचा आकार तोच राहतो. गावात दुरुस्तीवाला नाही म्हणून कार्बन, इतकं साधं आहे हे. कार्बनचा सूर लाकडाहून गोड असतो असं कोणी सांगितलं तर हसून सोडून दे.

खरा उत्तम गज आजही पर्नांबुको नावाच्या ब्राझीलच्या लाकडाचाच मानतात. फ्रान्समधल्या फ्रांस्वा तूर्त या कारागिरानं अठराव्या शतकाच्या शेवटी-शेवटी गजाला आजचा घाट दिला, तोही याच लाकडात. पण ते झाड इतकं तोडलं गेलं की २००७ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. कार्बनचे गज त्याआधीच, १९९०च्या दशकात, बाजारात जम बसवू लागले होते. विद्यार्थ्याच्या किमतीत ‘ब्राझीलवुड’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा निराळंच, हलकं लाकूड असतं. तेव्हा तुझ्यापुढची निवड पर्नांबुको की कार्बन अशी नाहीच. स्वस्त लाकूड की बरा कार्बन, एवढीच आहे.

आता माप. मुलीचं व्हायोलिन पाऊण मापाचं असेल तर गजही पाऊणच. ‘वाढतं अंग आहे, मोठाच घेऊन टाकू’ हे शाळेच्या गणवेशाला चालतं, गजाला नाही. लांब गज लहान हाताला टोकापर्यंत पेलत नाही, मग खांदा वर चढतो, आणि चढलेला खांदा उतरवायला आम्हा मास्तरांची दोन वर्षं जातात. वर्षभरात ती पूर्ण मापाच्या व्हायोलिनवर जाणार असेल तर थांबा आणि तेव्हाच चांगला घ्या. पूर्ण मापाचा गज साधारण ७४-७५ सेंटीमीटर भरतो.

वजनाकडे मात्र नीट बघ. पूर्ण मापाचा गज ६० ग्रॅमच्या आसपास असावा, दोन-तीन इकडे-तिकडे. आजच्या दहा ग्रॅमच्या तोळ्यानं सहा तोळे. दुकानदार सांगेल ते ऐकून घे, पण घरी आणल्यावर सराफाच्या काट्यावर ठेवून बघ. मी असाच एकाचा गज घेऊन गेलो होतो, तर सराफ म्हणाला, “काय आप्पा, सोनं इकाले काढं का?” हसू दे. काटा खरं सांगतो. ६६-६७ भरला तर मुलीचा अंगठा अर्ध्या तासात दुखायला लागेल. ५३-५४ भरला तर गज तारेवरून घसरत राहील आणि ती आवाज काढण्यासाठी दाबायला शिकेल. आर्कुस नावाचे जर्मन गज मुद्दाम हलके बनवलेले असतात, पण तो तयार हाताचा आणि भरल्या खिशाचा मामला आहे.

तेच ६० ग्रॅम कुठे वाटले गेलेत हेही महत्त्वाचं. तर्जनीवर गज आडवा तोलून बघ. पूर्ण मापाचा गज मागच्या टोकापासून २४-२५ सेंटीमीटरवर तोलला गेला तर ठीक. तोल याच्या बराच पुढे गेला असेल तर पुढचं टोक जड आहे, मनगट थकणार.

मग डोळ्यानं तपास. मागचा स्क्रू फिरवून केस इतके ताण की मधोमध दांडी आणि केस यांच्यात पेन्सिल जेमतेम मावेल. मूठ डोळ्याजवळ धरून टोकाकडे बघ, बंदूक रोखल्यासारखं. दांडी सरळ दिसली पाहिजे आणि ताणल्यावरही मध्ये केसांकडे झुकलेलीच राहिली पाहिजे. ताणताच दांडी सपाट होत असेल तर तिच्यात जोर नाही. मग केस. पट्टी सपाट हवी, एकमेकांवर चढलेले केस नकोत, एका कडेला ताठ आणि दुसऱ्या कडेला ढिले नकोत. कार्बनच्या स्वस्त गजात दांडी बरी असते आणि केस भरणाऱ्यानं घाई केलेली असते, हे फार वेळा दिसतं. मुठीजवळचा काळा ठोकळा, ज्याला फ्रॉग म्हणतात, तो चिमटीत धरून हलवून बघ. तो डुगडुगत असेल तर गज परत ठेव. स्क्रू वाळू अडकल्यासारखा करकरत असेल तरी परत ठेव.

दांडीवरच्या चमकदार काळ्या विणीला भुलू नकोस. आत काचतंतूची दांडी आणि वर कार्बनची नक्षी असा माल भरपूर येतो. उलट चांगल्या गजावर कधीकधी वीण दिसतच नाही, साधा काळा किंवा तपकिरी रंग असतो. ओळखायचं कसं? ताणलेल्या गजाची दांडी मधोमध बोटानं आडवी, म्हणजे बाजूला, हलकेच दाब. चांगली दांडी किंचित देते आणि लगेच परत येते. लवलव करत राहिली तर नक्षीच विकत घेतलीस समज.

एवढं झालं की वाजवून बघायचं, आणि इथेच लोक घाई करतात. दुकानात उभ्या-उभ्या दोन फटकारे मारून काही कळत नाही. आपण मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं पायावर टेकवून वाजवतो, तेव्हा सतरंजी मागायची आणि बसायचं. लाजायचं नाही. परदेशी माहितीत गज तारेवर किती छान उड्या मारतो याचं कौतुक असतं. आपल्याला त्या उड्यांचं फारसं काम नाही. आपल्याला लागतो लांब श्वास. मुलीला सांग, एकच सा, मुठीपासून टोकापर्यंत, जमेल तितका हळू. मग उलट, टोकापासून मुठीपर्यंत. मध्ये कुठे आवाज थरथरला का, टोकाजवळ येताना पातळ झाला का, हे तू डोळे मिटून ऐक. गज बदलतानाचा धक्का ऐकू आला का, हेही ऐक. व्हायोलिनवादक द. के. दातारांचं कुठलंही ध्वनिमुद्रण लाव, गज कुठे संपला आणि कुठे परतला ते शोधायला बस. सापडत नाही. प्रभाकर जोगांचं व्हायोलिन गातं असं लोक म्हणायचे ते उगीच नाही. या दोघांच्या उमेदीच्या काळात कार्बन नव्हता हेही लक्षात ठेव, म्हणजे गजाकडून किती अपेक्षा करायची ते कळेल.

दुसरी परीक्षा मंद्राची. आपल्या पद्धतीत तारा पाश्चात्त्य पट्टीपेक्षा खाली उतरवलेल्या असतात, त्यामुळे जाड तार सैल असते. कडक, ताठर गज तिला चिरडतो आणि घोगरा आवाज येतो. कार्बनच्या गजांमध्ये ‘जास्त ताठ’ आणि ‘कमी ताठ’ असे प्रकार मिळतात. दोन्ही वाजवून बघ. विक्रेता बहुधा ताठ गजाची शिफारस करतो, कारण तो दुकानात दणदणीत वाजतो. घरी खर्जावर मींड घेताना थोडा मऊच बरा पडतो, असं माझं मत आहे. वाजवून झाल्यावर आणखी एक करा. तू पाठ कर, ती नाव न सांगता तीन गज आलटूनपालटून वाजवेल. किंमत माहीत नसताना कान प्रामाणिक असतो.

आता केस. कार्बनचा गज म्हटलं तरी आवाज काढतात ते घोड्याचे केसच, आणि ते काही कार्बन होत नाहीत. सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीला पांढरेशुभ्र नुकरे घोडे उभे दिसले की कोणीतरी मला हटकून म्हणतं, आप्पा, एवढे घोडे आहेत, एखादी शेपूट कापून गज भरून घ्या की! गंमत सोड, पण तसं होत नाही. गजाला लागणारा केस पाऊण मीटरहून लांब, शेंड्यापर्यंत सारख्या जाडीचा, न तुटलेला असावा लागतो. मंगोलिया, सायबेरिया अशा थंड मुलखातून असे केस येतात, आणि त्यातलेही निवडून-निवडून घेतात. एका गजात दीड-दोनशे केस. ते विंचरून, दोऱ्यानं बांधून, टोकाच्या आणि फ्रॉगच्या खाचेत लाकडाची बारीक पाचर ठोकून बसवतात. पाचर सुताएवढी चुकली की पट्टी तिरकी. गावातल्या सुताराकडे हे काम देऊ नकोस, तो कितीही हुशार असो.

रोज तास-दीड तास रियाज असेल तर वर्षभरात केस झिजतात. दिसायला तसेच दिसतात, पण कितीही रोझिन, म्हणजे राळ, घासलं तरी पकड येत नाही. केस भरायला गज पुण्या-मुंबईला पाठवशील तेव्हा चिठ्ठीत लिही की गज शहाद्यात राहतो. आपल्याकडे उन्हाळ्यात केस आखडतात, पावसाळ्यात लांबतात. ऐन पावसात आखूड करून भरलेले केस एप्रिलमध्ये स्क्रू पूर्ण सोडला तरी ताठच राहतील. म्हणूनच, दांडी कार्बनची असली तरी वाजवून झालं की स्क्रू सोडायचाच. ‘कार्बनला काही होत नाही’ म्हणून ताणलेलाच पेटीत टाकणारे खूप आहेत. आणि होतंही. कार्बन वाकत नाही, पण आपटला तर तडकतो, आणि तडकलेल्या दांडीला इलाज नाही. वैशाखात बंद गाडीच्या काचेमागे पेटी ठेवू नका. कार्बनचे तंतू ज्या इपॉक्सीत बांधलेले असतात ते अति तापलं की नरम पडतं, शिवाय रोझिनची वडी वितळून पेटीभर होते ती वेगळीच. पेटी महिना-महिना बंद राहिली तर केस खाणारा बारीक किडा होतो. अधूनमधून उघडून उजेडात ठेवायची.

पैशाचं सांगतो. कोडाबोसारख्या अमेरिकन कंपनीचा गज सगळा खर्च धरून तीस हजारांच्या पुढेच जाईल. रामपूरच्या बनावटीचं व्हायोलिन आणि त्यावर तो गज, हे मला पटत नाही. वाद्याच्या किमतीच्या चौथ्या-तिसऱ्या हिश्श्याइतका गज, हा जुना आडाखा ठीक आहे. चिनी बनावटीचे कार्बन गज चार-सहा हजारांत मिळतात. त्यात बरेही असतात, फुसकेही असतात, आणि एकाच नावाचे दोन गज सारखे निघतील याची खात्री नसते. म्हणून शक्य असेल तर मुंबईला जाऊन हातात घेऊनच घे. ऑनलाइन मागवलास तर परतीची मुदत आधी वाच, पार्सल उघडताना मोबाइलवर चित्रण कर आणि त्याच दिवशी वर लिहिलेलं सगळं करून बघ. मुदत उलटल्यावर सराफाकडे जाऊन उपयोग नाही.

नवा गज आणलास आणि आवाजच येत नसेल तर घाबरू नकोस. नव्या केसांना रोझिन लागलेलं नसतं. नव्या वडीवर बारीक सँडपेपर फिरवून तिची काच मोड, मग सावकाश, मुठीपासून टोकापर्यंत घासत राहा. पहिल्यांदा वेळ लागतो. नंतर रोज दोन-चार हात पुरे. आपल्या उन्हाळ्याला फिक्या रंगाचं, कडक रोझिन बरं, गडद मऊ प्रकार चिकटतो. केसांना बोट लावायचं नाही. भजी खाल्लेलं तर मुळीच नाही. दांडीवर पडलेली भुकटी कोरड्या सुती फडक्यानं पुसायची, स्पिरिट नको.

आणि जुना लाकडी गज भाचे-पुतण्यांना वाटून टाकू नकोस. नवा गज केस भरायला पुण्याला गेला की पंधरा दिवस तरी परत येत नाही, आणि मध्यमाची परीक्षा नेमकी त्याच पंधरवड्यात लागते.