नेम, चाप आणि कुलूप

ग्वाल्हेर-चंबळच्या आपल्या परिसरात खांद्यावरची बंदूक हे काही नवलाचे दृश्य नव्हे. २००८ साली शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यात तर नसबंदी करून घेणाऱ्यास शस्त्रपरवान्यात प्राधान्य देण्याची योजना निघाली होती! ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यात रुग्णालयातच एका तरुण डॉक्टर भगिनीची हत्या झाली आणि आपल्या व्यवसायबंधूंच्या बैठकींतही परवान्याचा विषय गांभीर्याने निघू लागला. परवाना कसा मिळतो, हे सारेच विचारतात. शस्त्र चालवावयास शिकावे कसे, हे क्वचितच कोणी विचारतो. पन्नाशी ओलांडल्यावर मी नेमबाजी शिकू लागले, म्हणून या दुसऱ्या प्रश्नाविषयी चार शब्द लिहीत आहे.

२०१६ च्या शस्त्र नियमांनुसार अर्जदारास सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र द्यावे लागते. परंतु हाताळणी येणे निराळे आणि नेम साधणे निराळे. नवशिक्याने आरंभ क्लबातील एअर पिस्तुलावर करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात धक्का नाही, कानठळ्या बसविणारा आवाज नाही, आणि हाताचा प्रत्येक दोष कागदावर लख्ख उमटतो. दहा मीटरवरील लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे ११.५ मिलिमीटरचे, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढे असते.

पहिल्या दिवशी गोळी झाडावयाची नसते. प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे मानणे. ज्याचा नाश करावयाचा नाही त्याकडे नळीचे तोंड न वळविणे. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवणे. लक्ष्य आणि लक्ष्याच्या पलीकडे काय आहे हे ओळखणे. हे चार नियम आपल्याला शस्त्रक्रियागृहातील निर्जंतुकतेच्या शिस्तीसारखे वाटतील. तेथे जसा धुतलेला हात नकळतही कोठे लागत नाही, तसे येथे बोट नकळतही चापावर जाता कामा नये.

पुढचा धडा डोळ्यांचा, आणि आपल्या वयात तोच अवघड. दृष्टी मागच्या खाचेवर नको, लक्ष्यावरही नको. नळीच्या टोकावरील माशीवर हवी. माशी स्वच्छ दिसावी, लक्ष्य धूसर राहिले तरी चालते. चाळिशीच्या द्विकेंद्री चष्म्यातून माशी पाहू गेल्यास हनुवटी वर जाते आणि मान अवघडते. हाताच्या अंतरापुरते भिंग नेत्रतज्ज्ञ मित्राकडून करवून घ्यावे. दोन डोळ्यांपैकी प्रबळ कोणता, हेही आधी तपासावे. उजव्या हाताच्या माणसाचा प्रबळ डोळा डावा असू शकतो.

श्वास अर्धा सोडून क्षणभर थांबावे आणि चाप सरळ मागे, हळूहळू दाबत न्यावा. खऱ्या काडतुसांवर गेल्यावर धक्क्याच्या अपेक्षेनेच मनगट खाली झुकते आणि गोळी खाली लागते. प्रशिक्षक मधूनच एखादे खोटे काडतूस भरतात. चाप ओढल्यावर धक्का येत नाही, पण नळी मात्र झुकलेली दिसते. यावर उतारा म्हणजे रिकाम्या शस्त्राचा सराव, तोही काडतुसे त्या खोलीत नसताना. शिवाय एअर पिस्तुलाच्या हलक्या चापाच्या मानाने, घोडा न चढविता ओढलेला रिव्हॉल्व्हरचा चाप कितीतरी पट जड असतो.

हे झाले शांत चित्ताचे. भय वाटताच ॲड्रिनलीन काय करते, हे आपणांस शिकवावयास नको: हात कापतो, दृष्टिक्षेत्र आक्रसते, सूक्ष्म हालचाली बिघडतात. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीचे पोलीस अधिकारी डेनिस ट्युलर यांनी १९८३ साली दाखवून दिले की, चाकूधारी माणूस २१ फुटांचे अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो. आपल्या दवाखान्यात २१ फूट अंतर असते तरी का? खणाचे कुलूप काढावयासच त्याहून अधिक वेळ लागेल. आणि कुलूप नसेल तर बाहेर आयांच्या मांडीवर बसलेली लेकरे आहेत. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मधील खासगी बचावाचा हक्कही अमर्याद नाही. आवश्यक तेवढीच हानी कायदा मान्य करतो. म्हणून दवाखान्याकरिता मी भक्कम दार, धोक्याची घंटा आणि रात्री दुसरा माणूस यांवर भर दिला. पिस्तूल क्लबातच राहू दिले.

बालरोगतज्ज्ञ म्हणून आणखी थोडे. २००१ साली अटलांटा परिसरातील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठ ते बारा वर्षांच्या ६४ मुलग्यांचे २९ लहान गट करून प्रत्येक गटाला अशा खोलीत ठेवले, जिच्या खणात निकामी केलेले खरे पिस्तूल होते. २१ गटांना ते सापडले, १६ गटांनी ते हाताळले आणि १० गटांत कोणी ना कोणी चापही ओढला. पिस्तूल हाताळणाऱ्यांपैकी बहुतेकांना शस्त्रसुरक्षेची शिकवण आधीच मिळालेली होती! तेव्हा शस्त्र रिकामे व कुलपात, काडतुसे वेगळ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या मुलांच्या दृष्टीआड. गोळीबाराच्या धुळीतून शिसेही घरी येते. मैदानावरून परतल्यावर हात-तोंड धुऊन, कपडे बदलूनच नातवंडास उचलावे. खऱ्या गोळीचा आवाज १४० डेसिबलहून अधिक असतो, म्हणून कानांना संरक्षण हवेच.

हल्ली लसीकरणास येणाऱ्या पालकांना मी घरात बंदूक आहे का, असे विचारते. "आहे, पण कपाटावर ठेवतो, याचा हात पोचत नाही," हे उत्तर नेहमीचे. तेवढ्यात तो चार वर्षांचा रुग्ण स्टूल ओढत माझ्या वजनकाट्यापर्यंत पोचलेला असतो.