स्वतः जोडणार असशील तर

सातारा

चि. बाळ,


गेमिंगचा कॉम्प्युटर स्वतः जोडावा की तयार घ्यावा, हे तू मला विचारलंस, बरं वाटलं. दादाचं, म्हणजे तुझ्या बाबांचं म्हणणं, तयार घे, काही झालं तर दुकानदाराला धरता येईल. तुझे मित्र म्हणतात, जोडलेला स्वस्त पडतो. दोघांचंही अगदीच चूक नाही, पण माझा प्रश्न वेगळा आहे. पुढची पाच वर्षं या मशीनचा मिस्त्री व्हायची तुझी तयारी आहे का? असेल तर जोड. नसेल तर चांगल्या दुकानातून जोडून घे, त्यात कमीपणा काही नाही.

आधी स्वस्ताईचं पाहू. 2025 च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले, कारण एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप्स उचलायला सुरुवात केली. त्यामुळे सुटे भाग घेऊन पैसे वाचतीलच असं धरून चालू नकोस. सुट्या भागांची बेरीज आणि दुकानाचं कोटेशन शेजारी शेजारी लिही. फरक दोन-तीन हजारांचा असला तर त्यासाठी एवढा खटाटोप करू नये. जोडण्याचा खरा फायदा निवडीत आहे. तयार मशीन घेताना गिऱ्हाईक प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड कुठलं ते विचारतं. सगळ्या भागांना वीज पुरवणारा एसएमपीएस कुठला, हे फारसं कोणी विचारत नाही. म्हणून काटकसर तिथेच होते. आठ-आठ जीबीच्या दोन रॅमऐवजी सोळाची एकच बसवली जाते आणि वेग कमी होतो, तेही कोणाच्या लक्षात येत नाही. तू जोडलास तर हे तुझ्या हातात राहील.

यादी मॉनिटरपासून सुरू कर. तुझा मॉनिटर 1080पी आहे, त्याला मधल्या दर्जाचं, 8 जीबीचं कार्ड पुरतं. आरटीएक्स 4060 सारखं कार्ड 115 वॅट घेतं, रायझन 5 5600 प्रोसेसर 65 वॅटचा. एवढ्याला नावाजलेल्या कंपनीचा 550 वॅटचा एसएमपीएस भरपूर झाला. मात्र हा प्रोसेसर ज्या एएम4 बोर्डावर बसतो, तो आता जुना झाला. दोन-तीन वर्षांनी प्रोसेसर बदलायचा विचार असेल, तर 2022 मध्ये आलेला एएम5 घे. त्याला डीडीआर5 रॅमच लागते, म्हणजे आज खर्च जास्त. काय ते दादाला आकडे दाखवून ठरव.

वापरलेलं कार्ड स्वस्तात मिळतंय म्हणून भुलू नकोस. सप्टेंबर 2022 मध्ये ग्राफिक्स कार्डांवर चालणारं इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग थांबलं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं ढिगाने बाजारात आली. जुन्या चिपवर नव्या कार्डाचं नाव चढवून विकणारेही आहेत. बिल आणि वॉरंटी शिल्लक नसेल, डोळ्यांसमोर तासभर गेम चालवून दाखवत नसतील, तर हात लावू नकोस.

आता घराचं. आमच्या पॉलिटेक्निकमध्ये एका विद्यार्थ्याने कॅबिनेट तपासायला आणलं होतं. घरी हात लावला की झिणझिण्या येतात, म्हणाला. आमच्या लॅबमध्ये काहीच होईना. त्याच्या घरचं सॉकेट उघडलं तेव्हा कळलं, तिसऱ्या पिनेला वायरच नव्हती. एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडा करंट कॅबिनेटच्या पत्र्यावर येतो, त्याला जमिनीत जायला वाट लागते. ती नसली की तो हाताला जाणवतो आणि हळूहळू भागही बिघडतात. तुमचं सांगलीच्या गावभागातलं घर जुनं आहे. एकही भाग मागवण्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घे. त्यानंतर यूपीएस घे. त्या पैशांत कार्ड एक पायरी खाली आलं तरी चालेल.

आणि कॅबिनेट जमिनीवर ठेवायचं नाही. पूर आला की आयर्विन पुलापाशी 40 फुटांना इशारा आणि 45 फुटांना धोका, हे तुला पाठच आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलं होतं. पाणी 40 ला टेकलं की आधी आजीची औषधं आणि कागदपत्रं वर न्यायची, मग मशीन. एकट्याला उचलेल असंच कॅबिनेट निवड.

जोडलेल्या मशीनची वॉरंटी एका जागी नसते. कार्ड एका कंपनीचं, बोर्ड दुसरीचा, रॅम तिसरीची. बिघाड कशात आहे हे आधी तुला शोधावं लागेल, मग तो भाग पाठवून वाट पाहावी लागेल. प्रत्येक बिलावर सीरियल नंबर आहे ना ते बघून घे, खोकी माळ्यावर जपून ठेव. मी मिस्त्री म्हणते ते यासाठी. हे काम कंटाळवाणं वाटत असेल तर आजच सांग, तयार मशीन घेऊ.

पण वाटत नसेल, तर मला मनापासून वाटतं की तू जोडावंस. तू घरून वालचंद इंजिनीअरिंग कॉलेजला जाणार आहेस, मशीन जागेवरच राहील. हॉस्टेलला जाणार असतास तर मी लॅपटॉपच सांगितला असता. तुझ्या सांगली जिल्ह्यात 1910 साली किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची सुरुवात बेळगावच्या सायकलींच्या दुकानातून झाली होती. यंत्र उघडून पाहणाऱ्याला त्याची भीती राहत नाही. पुढच्या चार वर्षांत तुला पुस्तकातून जे शिकायचं आहे, त्यातलं बरंचसं या एका पेटीत हाताला लागेल.

जोडताना घाई नको. एएम4 प्रोसेसरच्या खाली केसासारख्या पिना असतात. कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळला की तो आपल्या वजनाने खाली बसतो. दाबावा लागला तर थांब, काहीतरी चुकतंय. एएम5 घेतलास तर पिना बोर्डातच असतात, तिथे बोट लावू नकोस. मॉनिटरची वायर बोर्डाला नव्हे, कार्डाला लाव.

खेळाच्या वेळेचं तू आणि तुझी आई मिळून ठरवा. रोज तीन तास खेळलास तर साधारण एक युनिट जळेल, महिन्याला तीस. ते बिल तू तुझ्या शिकवणीच्या पैशांतून भरावंस असं मला वाटतं. दादा हळदीच्या सौद्यात उभा राहून हे पैसे जमवतो, त्याला तेवढाच हातभार.

दोन्ही कोटेशनं आणि अर्थिंगचं काय झालं ते आठवड्यात कळव. यादी मी तपासून देईन. जोडायच्या दिवशी सांगलीला येईनही, पण स्क्रू ड्रायव्हर तुझ्याच हातात राहील.

आजीला नमस्कार सांग.

तुझी,
आत्या