उसाचा केवडा आणि लेकरांचा केवडा



या पानावर आपण बेणे, लागण आणि खते यांविषयी वाचता. आज विषय थोडा वेगळा आहे, पण आपल्या धंद्याला धरूनच आहे.

उसाला केवडा पडला म्हणजे काय, हे सभासदांना सांगायला नको. चुनखडीच्या जमिनीत कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात आणि पुढे पान पांढरे होते. कारण लोहाची कमतरता. गंमत अशी की जमिनीत लोह असते, परंतु चुना ते बांधून ठेवतो आणि मुळांना मिळू देत नाही. म्हणून आपण हिराकस शेणखतात मुरवून देतो, किंवा दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम विरघळवून फवारतो. वेळीच दिले तर ऊस सावरतो. कांड्या धरण्याच्या वेळी उपासमार झाली, तर ज्या कांड्या आखूड राहिल्या त्या पुन्हा लांब होत नाहीत. मागाहून कितीही पोती टाका.

माणसाच्या पोराचेही असेच आहे. दहा ते एकोणीस हे वय म्हणजे कांड्या धरण्याचे वय.

माझी थोरली बहीण शहापूर तालुक्यात तानसा तलावाजवळच्या गावात दिली आहे. १८९२ साली बांधलेल्या या धरणाचे पाणी मुंबईला जाते. गावात मात्र भात, नाचणी, वरई आणि दिवाळीनंतर वीटभट्टीची वाट, असा संसार. भाची दहावीला होती. मी गेलो की ताई म्हणे, “बघ रे, सारखी झोपते. जिन्याच्या चार पायऱ्या चढली की धापा टाकते.” मीही मामा म्हणून दोन शब्द सुनावले, “अभ्यासाचा कंटाळा, दुसरे काय!” पुढे शाळेत प्रार्थनेच्या वेळी ती चक्कर येऊन पडली. बाईंनी पापणी खाली ओढून पाहिली तर आतून पांढरीफटक. सरकारी दवाखान्यात रक्त तपासले. हिमोग्लोबिन ८.२ निघाले. या वयाच्या मुलीला किमान १२ पाहिजे.

मोटारसायकलवरून जाताना फडातला केवडा ओळखणारा मी. घरातला केवडा मला दिसला नाही. ही माझी चूक, म्हणूनच हा लेख.

हे एकट्या भाचीचे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के आणि मुलग्यांपैकी सुमारे ३१ टक्के रक्तक्षयी आढळले. कारणे सरळ आहेत. अंग झपाट्याने वाढते, मुलींची पाळी सुरू होते, पोटात जंत असतात आणि घरात मुलगी सर्वांच्या मागून जेवते. शिवाय आपला चहा! भाची सकाळी कोरा चहा आणि भाकरी खाऊन एस.टी. पकडायची. चुना जसा जमिनीतले लोह बांधतो, तसा चहा ताटातले लोह बांधतो.

शाळेत गोळ्या मिळत नव्हत्या का? मिळत होत्या. २०१८ पासूनच्या ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात या वयाच्या मुलामुलींना आठवड्यातून एक निळी गोळी देतात. ती ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची असते. भाची ती दप्तरात टाकायची. एक तर उपाशीपोटी मळमळायचे, आणि दुसरे म्हणजे मैत्रिणी म्हणायच्या, “या गोळीने पुढे पोरंबाळं होत नाहीत.” हे साफ खोटे आहे. पण तिला तसे समजावून कोणी सांगितले नव्हते, आम्हीही नाही.

पालकांनी काय करावे :

१. गोळी जेवणानंतर घ्यावी. शौच काळसर झाले तर घाबरू नये.

२. जेवणाच्या आधी व नंतर तासभर चहा बंद.

३. ताटात पालेभाजी, वाल, चवळी आणि चालत असेल तर सुकट व अंडी असावीत. पावसाळ्यात रानभाज्या आहेतच. वर लिंबू पिळावे किंवा आवळा द्यावा, म्हणजे लोह अंगी लागते. गूळ खावा, पण गुळाने रक्त भरून निघेल या भरवशावर राहू नये.

४. वर्षातून दोनदा जंताची गोळी. पायात चप्पल.

५. मुलीला आपल्याबरोबरच जेवायला बसवावे.

शिक्षकांनी गोळी वाटून सोडू नये, समोर घ्यायला लावावी आणि शक्य तर स्वतःही एक घ्यावी. मुले बघून शिकतात. गैरहजर, झोपाळू आणि चिडचिड्या मुलाला ‘आळशी’ ठरवण्याआधी रक्त तपासायला पाठवावे.

एक सावधगिरी. पान पिवळे दिसले की दर वेळी लोहच कमी असते असे नाही. नत्र कमी असले तरी पिवळे पडते, गवताळ वाढीतही पडते. तसेच रक्तक्षयाचे आहे. आदिवासी भागात सिकलसेल हा आनुवंशिक आजार आढळतो. त्याची तपासणी वेगळी आणि उपचारही वेगळा. म्हणून दुकानातून बाटली आणून पाजू नये, डॉक्टरांना दाखवावे.

शेवटची गोष्ट आपल्या फडाची. शाळेतली गोळी शाळा सुटली की थांबते. तानशाकडची पोरे भट्टीवर जातात आणि आपल्या टोळ्यांबरोबरची पोरे फडात येतात. ऐन हंगामाचे पाच-सहा महिने त्यांना गोळी नाही, तपासणी नाही. त्यातल्या कित्येक मुलींचे लग्न अठराच्या आत, ‘कोयता’ पुरा करण्यासाठी उरकले जाते. ते कायद्याने गुन्हा आहेच, शिवाय अशा रक्तहीन पोरीच्या पोटी मूल वाढणे म्हणजे दोन जिवांना धोका. ज्याच्या फडात टोळी उतरेल त्या सभासदाने एवढे करावे : गावच्या आशाताईंना कळवावे आणि टोळीतल्या मुलांना जवळच्या उपकेंद्रात नेऊन आणावे. जाऊन-येऊन अर्धा दिवस लागतो.

भाचीने डॉक्टरांनी दिल्याप्रमाणे तीन महिने रोज गोळ्या घेतल्या. हिमोग्लोबिन ११.४ वर आले. अजून थोडे कमीच आहे, गोळ्या चालू आहेत. परवा ताईचा फोन आला, “आता जिना पळत चढते.”

तेव्हा सभासद बंधूंनो, आज संध्याकाळी प्लॉटवरून घरी आलात की लेकरांची पापणी जरा खाली ओढून बघा.

आपला,
ऊस विकास अधिकारी